डावा खडा घरी

दामले सरांवर लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगतो. त्यांचे जुने विद्यार्थी मोठमोठ्या जागांवर आहेत. मी किला गेट मोहल्ल्यातला, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. पण एक गोष्ट माझ्याइतकी कुणाला माहीत नाही, म्हणून हे धाडस. चुकलं तर माफ करावं.

सरांनी आयुष्यभर कोकण किनाऱ्यावर माशांचा अभ्यास केला. निवृत्तीनंतर ते समुद्रापासून लांब, आमच्याच शहरात, कंपूतल्या आपल्या घरी परतले आणि किनाऱ्यावरून नमुने मागवून काम इथूनच चालू ठेवलं. माशाच्या डोक्यात, दोन्ही कानांच्या जागी, बारीक खडे असतात. मासा वाढतो तसे त्यांवर थर चढतात, आणि अगदी मधल्या थरात, तो ज्या पाण्यात जन्मला त्या पाण्याची खूण राहते. सरांचा अंदाज असा होता की, किनाऱ्यावर दूरदूर जाळ्यात सापडणारा एका जातीचा मासा बहुतेक सगळा एकाच लहान खाडीत जन्मतो. ती खाडी भराव घालून बुजवायचं चाललं होतं. शेजारच्या मोठ्या खाडीत मासे होतीलच, असं लोक म्हणत. सर म्हणत, "नाही होणार. पण माझं कोण ऐकतो? खड्यांनाच बोलू दे."

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी त्यांच्याकडे खडे धुवायला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "समुद्र पाहिलायस?"

"नाही सर. तिघरा धरण पाहिलंय."

"बस, झालं तर. समुद्र पाहिलेले लाटाच बघत बसतात."

घरी बाबा म्हणाले, "मछली के कान धुवून नोकरी लागते का रे?" हे सरांना सांगितलं, तर ते इतके हसले की त्यांच्या पत्नीला, काकूंना, पाणी घेऊन यावं लागलं. प्रत्येक माशाचा उजवा खडा ते मला देत, डावा स्वतः पुडीत बांधून आत नेत. का, ते मी कधी विचारलं नाही. आपणहून काही विचारावं अशी सवय मला नव्हती. उलट, "तुझं काय मत?" असं मला विचारणारं ते पहिलंच घर.

मे महिन्यात, मोठ्या माशांच्या मधल्या थराशी ताडून बघायला आणलेले दोन्ही खाड्यांतल्या पिल्लांचे खडे मी दोन टीपकागदांवर वाळत घातले. लाइट गेलेली होती. कूलरचं बटण बंद करायचं राहिलं... लाइट आली आणि पहिल्याच झोतात दोन्ही कागद उडाले. सर आत झोपले होते. मी फरशीवर बसून एकेक खडा वेचला. संख्या बरोबर भरली. कोणता कुठल्या खाडीचा, ते मात्र सांगता येईना. अंदाजाने वाटण्या केल्या, बाटल्या भरल्या, लेबलं लावली. सांगावं असं फार वाटलं. पण सांगितलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, ही भीती मोठी ठरली.

खडे किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत गेले. दिवाळीनंतर उत्तर आलं. दोन्ही खाड्यांच्या खुणा मिसळलेल्या, वेगळ्या ओळखता येत नाहीत. सरांनी कागद दोनदा वाचला.

"लेबलं नीट होती ना रे?"

"हो सर."

"मग माझंच चुकलं," ते म्हणाले, आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. जानेवारीत ते गेले. मी पाटणकर बाजारात स्वेटर बघत होतो, तेव्हा मित्राचा फोन आला. दुकानदार भाव सांगत राहिला, मला काही ऐकू येईना.

तेरावं झाल्यावर काकूंना सगळं सांगितलं. त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा एक डबा घेऊन आल्या. आत पुड्याच पुड्या, प्रत्येकीवर सरांच्या अक्षरात खाडीचं नाव.

"तरुणपणी त्यांनी स्वतः असाच घोळ घातला होता. सगळं वर्ष वाया गेलं. तेव्हापासून डावा खडा घरी ठेवायचे. अरे वेड्या, सांगितलं असतंस तर एक दिवस ओरडले असते. फिर क्या, डबा उघडला असता!"

प्रयोगशाळेला मी माझी चूक कळवली आणि डावे खडे पाठवले. रिकामा डबा काकूंनी सरांच्या टेबलावर परत ठेवला आहे, नेहमीच्या जागी. काल दुपारी मी त्याच्यासमोर बसलो असताना प्रयोगशाळेतून फोन आला. भराव अजून सुरू झालेला नाही, असंही पलीकडून सांगितलं.

"काय म्हणतात?" काकूंनी दारातून विचारलं.

"दोन्ही खुणा वेगळ्या निघाल्या, काकू. किनाऱ्यावरचे मासे लहान खाडीतच जन्मलेले आहेत... सर बरोबर होते."