एकोणसाठावं नाव

हिल्डिंग फाल्क हा माणूस हट्टी होता, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाला उगाच गोड करून सांगायची मला सवय नाही. मी मायब्रिट. आमच्या कॅथेड्रलची सत्तावीस वर्षं राखणदार होते. दारं उघडायची, मेणबत्त्या लावायच्या, लोकांच्या बुटांनी आणलेला बर्फ पुसायचा आणि डीनसाहेबांचा, म्हणजे आमच्या मुख्य पाद्र्यांचा, चष्मा शोधून द्यायचा. हिल्डिंगकाका रंगांची पेटी घेऊन आमच्याकडे आठ-दहा वर्षांतून एकदा यायचे. ते आले की गावाला कळायचं, बिशप बदलला.

उत्तरेच्या भिंतीवर ओकच्या लाकडाचा एक काळा फळा आहे. त्यावर आमच्या धर्मप्रांताचे आठशे वर्षांतले सगळे बिशप एकाखाली एक लिहिलेत. अगदी वरच्या दोघांची सालं कुणालाच माहीत नाहीत. एक जण लढाईत मेला, एक रोमला निघाला तो वाटेतच हरवला. बाकी प्रत्येकाच्या नावापुढे दोन सालं: आला ते आणि गेला ते. निरोपाच्या दिवशी बिशप आपला दंड, म्हणजे त्या पदाची काठी, वेदीवर ठेवतो आणि रिकाम्या हातांनी बाहेर पडतो. पुढच्या शनिवारी फाल्कांच्या घरातला माणूस येऊन दुसरं साल रंगवतो. नवा बिशप निवडून आला की त्याचं नाव आधीच रंगवून त्यावर पांढरं कापड टाचायचं. उप्सालाला, आर्चबिशपांच्या गावी, दीक्षा घेऊन, हातात दंड धरून तो आमच्या दारातून आत आला की मग कापड काढायचं. काकांच्या आजोबांनी तीन नावं रंगवली, वडिलांनी चार, काकांनी पाच. अठ्ठावन्नावं नाव काकांच्या हातचं.

काकांना एकच मुलगी, इंगेगेर्ड. एकोणऐंशी साली ती पाद्री झाली. बायका पाद्री व्हायला लागून तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती, पण काकांच्या लेखी ती कालची गोष्ट. बाईने वेदीवर फुलं ठेवावीत, वेदीपाशी उभं राहू नये, असं त्यांचं मत, आणि त्यांचं मत म्हणजे दगडावरची रेघ. ते तिच्या दीक्षेला गेले नाहीत. तिच्या हातून कधी प्रसादाची भाकर घेतली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मुलगी आहे एक. नोकरी करते कुठंतरी."

तिची आई एल्सा अठ्ठ्याऐंशी साली गेली. आईसाठी एक तरी प्रार्थना मला म्हणू दे, असं इंगेगेर्डने विनवलं. काकांनी शेजारच्या गावचा पाद्री बोलावला. ती करड्या कोटात तिसऱ्या बाकावर बसून राहिली, आलेल्या पाहुण्यासारखी. त्या दिवशी फुलदाणी काकांच्या डोक्यात घालावी असं मला मनापासून वाटलं होतं. त्यानंतर सतरा वर्षं बापलेकीत बोलणं नाही.

आणि मग आमच्या पाद्र्यांनी मतं टाकली आणि अकरा मतांनी इंगेगेर्ड निवडून आली. आमच्या धर्मप्रांतातली पहिली बाई बिशप. डीनसाहेबांना घाम फुटला. "मायब्रिट, फळ्याचं काय करायचं? त्यांना कसं विचारायचं?"

"विचारू नका," मी म्हटलं. "नाहीच म्हणणार ते."

जानेवारीतल्या एका सकाळी काका स्वतःच आले. बर्फावरची घसरगाडी ढकलत, तिच्यावर रंगांची पेटी बांधून. वय एक्क्याऐंशी, हात थरथरायचे.

"काय गं मायब्रिट, शिडी धरशील की पाडून मोकळी होशील?"

"कुणाचं नाव लिहायचंय ते माहितीय ना काका?"

"वाचता येतं मला. पेपरात आलंय."

एवढंच. डाव्या हाताने उजवं मनगट धरून ते रोज एक अक्षर रंगवायचे. आमच्या लिपीत तिच्या नावाआडनावाची बारा अक्षरं, त्यांना बारा दिवस, मग साल. दहा वाजता मी कॉफी आणि वेलचीचा पाव आणायची. शिडीच्या पायरीवर बसून ते खायचे आणि रंगातल्या जवसाच्या तेलाला आता पूर्वीसारखा वास राहिला नाही म्हणून कुरकुरायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, "काका, तिला फोन करा की."

"काय सांगू फोनवर?"

"हेच. मी रंगवतोय म्हणून."

त्यांनी पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. मग म्हणाले, "फोनवर मला बोलता येत नाही. समोर आली तरी येईल की नाही, देव जाणे. कापड निघेल तेव्हा बघेल ती. माझं अक्षर ओळखते. पाच वर्षांची असल्यापासून माझ्या ब्रशांशी खेळलीय. पण तू तोंड उघडायचं नाहीस. शपथ घे."

मी घेतली. मला वाटलं, म्हातारा सत्तावीस वर्षांनी वाकतोय, वाकू दे त्याच्या पद्धतीने.

मार्चमध्ये इंगेगेर्ड येऊन गेली. दंड घेऊन आत येण्याच्या दिवशी दारातून कुठे चालायचं, कुठे थांबायचं, हे बघायला. बारीक झाली होती. म्हणाली, निवडणुकीने दमवलं. जाताना ती फळ्यापाशी थांबली. कापडाला हात लावला, उचललं नाही.

"कुणी रंगवलं गं हे?"

माझ्या जिभेवर आलं होतं. पण शपथ होती ना! मी म्हटलं, "बाहेरगावचा माणूस आणला."

तिने कापडावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "बरं झालं. बाबांना उगाच त्रास नको." आणि हातमोजे चढवून निघून गेली.

तीन आठवड्यांनी ती हॉस्पिटलात होती. स्वादुपिंडातलं दुखणं, सगळीकडे पसरलेलं. बाबांना कळवू नका, असं तिनेच सांगितलं. शेवटी नर्सने न राहवून काकांना फोन केला. काका दोन बस बदलून पोचले, तेव्हा तिची शुद्ध गेली होती. रात्रभर ते हात धरून बसले. पहाटे ती गेली. उप्सालाची दीक्षा नऊ दिवसांवर होती.

ज्याच्या हातात दंड आला नाही तो बिशप नाही, आणि जो बिशप नाही त्याचं नाव फळ्यावर नाही. आठशे वर्षं हेच चाललंय, आणि कुणाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. जूनमध्ये पुन्हा मतं पडली, दुसरा माणूस निवडून आला. डीनसाहेब लाल डोळ्यांनी काकांकडे गेले. "काका, ते नाव काढायला आपण दुसऱ्या कुणाला बोलावू."

"माझं अक्षर दुसरा कुणी खरवडणार नाही," काका म्हणाले.

ते आले. मी शिडी धरली. कापड खाली पडलं आणि त्या काळ्या लाकडावर ती बारा पिवळी अक्षरं मी पहिल्यांदाच नीट पाहिली. एकही वाकडं नव्हतं. काकांनी शेवटून सुरुवात केली. सुरीची धार फिरायची, पिवळा भुसा माझ्या केसांत पडायचा. मला रडू आवरत नव्हतं. त्यांना दिसू नये म्हणून मी खाली बघत होते.

आडनाव संपल्यावर ते थांबले.

"मायब्रिट, ती येऊन गेली होती म्हणे इथे. मार्चमध्ये."

"हो."

"या फळ्यापाशी आली होती?"

"आली होती."

"मग?"

खरं सांगायचं तर काय सांगणार होते? की बापाने नकार दिला असं समजून ती गेली? मी वर बघितलं आणि म्हटलं, "तिने कापड उचलून पाहिलं काका. म्हणाली, हे बाबांचंच अक्षर."

त्यांचा चेहरा क्षणभर असा मोकळा झाला की मला वाटलं, चला, एवढं तरी देता आलं. मग ते हळूच म्हणाले, "मार्चमध्ये."

"हो."

"म्हणजे तेव्हापासून तिला माहीत होतं."

त्यांनी सुरी खाली घेतली.

"मग फोन का नाही केला तिने?"

बापाने नकार दिला असं समजून ती गेली हे, की कळूनही तिने फोन केला नाही हे, या दोन्हींतलं कमी दुखणारं कोणतं, ते मला त्या शिडीखाली उभं राहून ठरवता येईना. काकांनी मान हलवली, स्वतःशीच, आपल्याला हेच मिळायला हवं होतं अशी. आणि पुढचं अक्षर खरवडायला घेतलं.

त्यानंतर काका दोन वर्षं जगले. दर गुरुवारी मी वाटाण्याचं सूप घेऊन त्यांच्याकडे जायची. दर वेळी आज सांगायचंच, असं ठरवून जायची, आणि भांडं धुऊन परत यायची.