प्रश्न उद्भवत नाही

“एक : हे खरे नाही. दोन आणि तीन : प्रश्न उद्भवत नाही. टाका आद्याक्षरी आणि द्या टायपिंगला,” उपजिल्हाधिकारी साहेब म्हणाले आणि फाईल माझ्याकडं सरकवली.

त्या छोट्या सहीसाठी मी पेन काढलं नाही. “साहेब, पण हे खरं आहे,” म्हणालो.

मी तेव्हा कलेक्टर ऑफिसात टंचाई शाखेचा अव्वल कारकून होतो. जिल्हा नवा झालेला. टेबलं आली होती, कपाटं यायची होती, फायली जमिनीवर. त्यात दुष्काळ. आणि त्यात विधानसभेचं अधिवेशन.

अधिवेशन चालू झालं की मंत्रालयातून प्रश्न येतात. ज्याच्यापुढं चांदणी असते तो तारांकित प्रश्न. त्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं आणि वर आमदार उपप्रश्न विचारू शकतात. प्रश्नाची भाषा ठरलेली : अमुक घडलं हे खरे आहे काय? असल्यास शासनाने काय कारवाई केली? नसल्यास विलंबाची कारणे काय? पहिल्याला ‘हे खरे नाही’ म्हटलं की पुढच्या दोन्हींना ‘प्रश्न उद्भवत नाही’. तीन ओळींत फाईल बंद. लोकांना वाटतं उत्तर मंत्री देतो. मंत्री वाचतो. लिहितो खाली बसलेला कारकून.

प्रश्न होता आमच्या हद्दीवरच्या एका वाडीचा. तिथं महिनाभर टँकर गेलेला नाही, हे खरे आहे काय?

साहेब म्हणाले, “वाघमारे, आपल्या यादीत ती वाडी आहे का?”

“नाही.”

“मग टँकर बंद कसा पडेल? नसलेला टँकर बंद पडतो का?”

साहेब पुण्याकडचे. हुशार माणूस, इंग्रजी फर्डं. पण घोटाळा कुठं झाला ते यादीत दिसत नव्हतं. जिल्ह्याची हद्द एका नाल्यावरून ओढली होती. मूळ गाव नाल्याच्या पलीकडं, ते जुन्या जिल्ह्यात राहिलं. वाडी अलीकडं, ती आमच्यात आली. वाडीला कागदावर स्वतंत्र नाव नव्हतं, ती मूळ गावाच्या नावाखाली चालायची. जुन्या जिल्ह्यानं ‘वाडी तिकडं गेली’ म्हणून टँकरची खेप तोडली. आमच्याकडं जे दप्तर आलं त्यात वाडी लिहिलेलीच नव्हती. साठ-सत्तर उंबरे, आणि दोन जिल्ह्यांपैकी एकाच्याही यादीत नाहीत.

“जुन्या जिल्ह्याला पत्र लिहा,” साहेब म्हणाले.

“त्यांनीच आपल्याला लिहिलंय साहेब. हे बघा. ‘सदर वाडी या जिल्ह्यात येत नाही.’”

“मग आहे कुठं ती?”

“नाल्याच्या अलीकडं. मी काल जाऊन आलो.”

“कुणाच्या परवानगीनं?”

“काल रविवार होता साहेब. रविवारी कुठं जायचं ते मी घरी विचारतो.”

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. पण मी खरंच जाऊन आलो होतो. एस.टी.नं फाट्यापर्यंत, पुढं पायी. नाला कोरडा ठाक. पलीकडं टँकर उभा, त्याला पलीकडच्या बाया झोंबलेल्या. अलीकडं गयाबाई नावाची एक बाई रिकामी घागर उपडी करून तिच्यावर बसली होती.

“तुमी कोन्या जिल्ह्याचे?” तिनं मला पहिलं हेच विचारलं.

“ह्या.”

“आसं व्हय. मंग हाय म्हना की ह्यो जिल्हा. आमाला वाटलं नुसती पाटीच लावली.” मग हात करून दाखवलं. “त्यो डायवर म्हनतो, मावशी, चाक नाल्याच्या अल्याड आलं की माझी नोकरी जाती. आमी घागर घेऊन पल्याड गेलो तर तिकडच्या बाया म्हनत्यात, तुमच्या जिल्ह्याचं पानी तुमच्या जिल्ह्यात प्या. काल-परवाच ह्याच बाया माझ्या लेकीच्या लग्नात जेवून गेल्या!”

हे मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, “ठीक आहे. ‘अंशतः खरे आहे’ लिहा.”

“कोणता अंश साहेब? टँकर येत नाही हा, का लोकांना पाणी नाही हा?”

“वाघमारे, बी.ए. कुठून केलंत?”

“नांदेडला. कंधारच्या पुढच्या खेड्यातून येऊन. घरात पहिलाच आहे, म्हणून लिहिलेलं फार मनाला लागतं. आमच्याकडं आतापर्यंत दुसऱ्यांनीच लिहिलंय.”

एवढं बोलून मी तिथंच टिपणीच्या कागदावर लिहिलं : ‘प्रत्यक्ष पाहणी केली. वाडी आपल्या हद्दीत आहे. टँकर जात नाही. प्रस्तावित उत्तराशी सहमत नाही.’ खाली पूर्ण सही केली, तारीख टाकली.

“ते पान काढा,” साहेब म्हणाले.

“पानाला नंबर पडलाय साहेब. काढलं तर मधला नंबर गायब दिसंल.”

मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? नोकरी गेली असती तर गावात तोंड दाखवणं अवघड होतं. पण बसायचं नाही असं ठरवून उभाच राहिलो. शेवटी म्हणालो, “साहेब, ज्या आमदारानं विचारलंय तो नाल्यावर जाऊन आलाय. गयाबाईनंच सांगितलं. उपप्रश्नात त्यानं ते काढलं तर मंत्री विचारतील, हे लिहिलं कुणी?”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग फोन उचलला. तहसीलदारांना एकच वाक्य बोलले, “संध्याकाळच्या आत त्या वाडीत टँकर पोचला पाहिजे, उत्तरात लिहायचंय.”

नवा मसुदा झाला. ‘एक : होय, हे खरे आहे. दोन : वाडीस टँकरने पाणीपुरवठा सुरू करण्यात आला आहे. तीन : प्रश्न उद्भवत नाही.’

“आता टाका आद्याक्षरी,” साहेब म्हणाले. “उत्तरं घेऊन माणूस सातच्या गाडीनं मुंबईला निघतोय.”

“सुरू झालाय असं लिहिलंय साहेब. झाला की टाकतो.”

मला वाटलं आता फाईल डोक्यात बसते. पण साहेब शिपायाला ओरडले, “ह्यांना जीप द्या! नाहीतर हे आज घरी जात नाहीत आणि मलाही जाऊ देत नाहीत.”

पाचच्या सुमाराला टँकर वाडीत शिरला. पाईप सुटला तशी झुंबड उडाली. मी जीपच्या बॉनेटवर फाईल ठेवून आद्याक्षरी केली. गयाबाई ओल्या पदरानं जवळ आली.

“काय लिहून राहिले?”

“तुमच्या पाण्याचं उत्तर. आमदारानं विचारलं होतं.”

“मंग त्याला म्हनावं, उद्याचं बी इचार.”

तो प्रश्न सभागृहात आलाच नाही. त्या दिवशी भलत्याच विषयावर गोंधळ झाला, कामकाज बंद पडलं, उत्तरं नुसती पटलावर ठेवली गेली. आमचं उत्तर मंत्र्यानं वाचलं नाही, आमदारानं ऐकलं नाही. पण वाडी यादीत चढली होती. पाऊस पडेपर्यंत रोज एक खेप गेली.

पुढं माझ्या हाताखाली पोरं आली. त्यांना मी एवढंच सांगायचो : ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहायला अर्धं मिनिट लागतं. त्याआधी एस.टी.चं तिकीट काढा.