चुन्याच्या पोत्यामागचा डबा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, देवापुढेसुद्धा नाही. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, तेही हिंदी शाळेत — घरात बोललो तेवढीच मराठी येते. वेडंवाकडं लिहीन, पण लिहितो. बायकोला जाऊन दोन महिने झाले, मुलगा बाहेरगावी असतो. घरात आता खोटं बोलायलाही कुणी उरलं नाही.

देवासला एका मैदानावर मी चौकीदार होतो. झाडायचं, पाणी मारायचं, चुन्याने रेघा आखायच्या, सामानाच्या खोलीची किल्ली सांभाळायची. संध्याकाळी मुली खो-खो खेळायला यायच्या. कुसुम — म्हणजे आमची ही — माझा चहा घेऊन यायची आणि खेळ बघत बसायची. महिन्यातले चार दिवस एकेक मुलगी गायब होते, हे तिच्या लक्षात आलं. माझ्या कसं येणार? आणि आलं असतं तरी मी काय केलं असतं?

ती धारची. शाळेत सगळ्यांच्या पुढे पळायची म्हणे. मग बाजूला बसायची वेळ आली आणि घरच्यांनी मैदानच बंद केलं. हे तिने मला एकदाच सांगितलं, गहू निवडता निवडता. मी ‘हं’ म्हणालो.

तिने जुनी सुती लुगडी काढली. उकळायची, कडक उन्हात वाळवायची, घड्या घालून त्यांचे पट्टे शिवायची. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून तो डबा तिने सामानाच्या खोलीत फळीवर ठेवला. मुलींना सांगितलं, “लागलं की घ्यायचं. विचारायचं नाही, परत द्यायचं नाही.” आणि खरंच, मुली गायब होईनाशा झाल्या. सहा-सात महिने असं चाललं.

मग? सांगतो. जरा थांबा.

मैदानाच्या कट्ट्यावर चार-पाच जण रोज बसायचे. माझ्याच वयाचे, कारखान्यांतले. त्यांच्यात मला बसायला मिळायचं, चौकीदार असून — याचं मला अप्रूप होतं. एकदा त्यातला एक म्हणाला, “क्यों भिया, भाभी ने दुकान खोल ली क्या? दो-चार तुम भी ले जाया करो!” सगळे हसले.

मीही हसलो. आधी हे लिहून ठेवतो — मीही हसलो.

पुढे बदनावरच्या मुलींशी सामना ठरला. पाहुणे येणार, खोलीतून खुर्च्या निघणार, माणसं आतबाहेर करणार. त्या आठवड्यात कुसुम तापाने पडून होती. मी सकाळी डबा फळीवरून उचलला आणि चुन्याच्या पोत्यांमागे सारला. एका दिवसाचं तर काम, म्हटलं. उद्या ठेवू परत.

आमच्याकडची ममता सगळ्यांत चपळ. पंधरा-सोळा वर्षांची असेल. मधल्या सुटीत ती माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. खाली बघत म्हणाली, “काकाजी, डिब्बा नहीं दिख रहा.”

कट्ट्यावरचे ते सगळे शेजारीच उभे होते. खोली दहा पावलांवर. पोतं सरकवायचं, एवढंच. मी काय म्हणालो?

“खाली हो गया. काकी बीमार है.”

ती तशीच वळली. मग खेळायला गेली. आकाशी रंगाचे कपडे होते मुलींचे. पुढचं सगळं लिहिणार नाही. आधी एक जण हसला, मग बरेच. ती पळता पळता थांबली. तिला कुणी बाद केलं नव्हतं. आपणहून चालत बाहेर गेली — मी सकाळी आखलेल्या रेघेवरून.

परत आली नाही. बापाने खेळ बंद केला. पुढे लग्न होऊन पीपलरावांला गेली.

कुसुमला कळलं तेव्हा ती ताप अंगात घेऊन उठली. मला बरोबर घेऊन ममताच्या घरी गेली. दारातच पोरीचा हात धरला आणि म्हणाली, “चुकलं गं माझं. या वेळी शिवायचे राहून गेले.” मी मागे चपला न काढता उभा. डब्यात चौदा होते. मी मोजले होते.

बरी झाल्यावर तिने नवे शिवून आणले. मी म्हणालो, “वरून मनाई आलीय.” कुणाची मनाई? कुणाचीच नाही. डबा परत फळीवर दिसला तर ती विचारेल, मुली बोलतील, तो कुठे होता ते निघेल — एवढीच भीती. पुढच्याच महिन्यात खो-खोचा एक खांब कुजला म्हणून बदलायचा होता. खड्डा मीच खणला. ते चौदाही त्यात घातले, वर खांब रोवला, माती लाथेने दाबली. रिकामा डबा घरी आणला. तिने त्यात मोहरी भरली.

त्यानंतर दहा-बारा वर्षं ती म्हणत राहिली. शेवटच्या दुखण्यातही म्हणाली, “अहो, मला तेव्हा ताप आला नसता तर ती पोर खेळली असती.” मी तिच्या तळपायांना तेल चोळत होतो. तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. म्हणालो, “पडून राहा आता.”

तेराव्याला ममता आली, आपल्या मुलीला घेऊन. म्हणाली, “काकी को बोलना रह गया, काकाजी. मैंने कभी बुरा नहीं माना. बुखार तो किसी को भी आ जाता है.”

तेव्हा तर कट्ट्यावरचं कुणी शेजारी नव्हतं. तरी मी नुसती मान हलवली.

अजून सकाळी मैदानावर जातो. दुसरीकडे कुठे जाणार? मुली त्या खांबाला हात लावून वळतात, मी बघत बसतो. घरी मोहरीचा डबा आहे तिथेच आहे. फोडणी देत नाही मी हल्ली.

कुसुमला ताप आला होता, हे खरं. डबा रिकामा नव्हता.