गुणवंतीचा ओटा

मी मासे गुणवंतीकडूनच घेते. मिरकरवाडा बंदरात मासळीबाजाराच्या फाटकाबाहेर, भर उन्हात, ती उलट्या क्रेटवर बसते. तिचा नवरा धाकू आतल्या गावातून येऊन दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी झाला होता. तो वारला. मूलबाळ नाही.

बाजारात छपराखाली नवे ओटे बांधले, तेव्हा तिला सावलीची आशा लागली. वाट्याला येणारी मासळी विकायला ओटे हवेत म्हणून खलाशांचा मोर्चा निघाला, त्यात ती होती. बायकांचा निघाला, त्यात फलक धरून पुढे. वाटपाच्या सभेला जाताना मला म्हणाली, "वैनी, तुम्ही नुसत्या मागं बसा. एक तोंड वळखीचं असू दे."

मच्छीमार सोसायटीचे महिपत तांडेल म्हणाले, "अर्धे खलाशांना, अर्धे बायकांना. कुणाची तक्रार नको."

गुणवंती खलाशांत जाऊन उभी राहिली.

"काकी, जाळी ओढायला कधीपासून लागलीस?" सूरज खलाशी म्हणाला. हशा पिकला. "दर्यात जातो त्याचा ओटा. तू बायकांत जा."

ती बायकांकडे गेली. तिथली रीत अशी, की ज्या घरची बोट, त्या घरच्या बाईनं ती मासळी विकायची. ओटाही बोटीच्या नावानं.

"तुजी बोट कुठली गो?" बोटवाल्या सावित्रीनं विचारलं.

"बोट नाय. लिलावातनं घेते."

"मग खलाशांत बघ. त्यांचे वेगळे काढलेत ना?"

"तिथनंच आले."

तेवढ्यात पुढचं नाव पुकारलं. खलाशांत सगळे पुरुष, बायकांत सगळ्या बोटवाल्या. मधल्या मोकळ्या जागेत गुणवंती, पिशवी पोटाशी धरून. सभा संपेपर्यंत तिथेच.

पुण्यात शिकणाऱ्या माझ्या वेदिकाला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, याला आंतरछेदिता म्हणतात." मग तिनं जे समजावलं, ते मी दुसऱ्या दिवशी बांगडे घेताना गुणवंतीला सांगितलं. अमेरिकेत एका कारखान्यात काळ्यांना काम मिळे, ते पुरुषांना. बायकांना मिळे, ते गोऱ्या बायकांना. काळ्या बायका कोर्टात गेल्या. कोर्ट म्हणालं, काळ्या म्हणून बोला नाहीतर बाई म्हणून. दोन्ही एकत्र चालणार नाही. पुढे एका काळ्या वकीलबाईनं याला ते नाव दिलं.

"मग त्या बायकांचं काय झालं?"

"हरल्या."

तिनं बांगड्यांवर पाणी शिंपडलं. ऊन चढलं होतं.

"किती जणी होत्या?"

"पाचजणी."

"पाच," ती म्हणाली, आणि फाटकातून आत, ओट्यांकडे बघत राहिली. "म्हणजे एकमेकींशी बोलत तरी असतील."