सॅम्पलबरहुकूम पंखा

रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक डबा घेऊन जातं आणि गोष्ट काउंटरवर ठेवून जातं. चिंचवड स्टेशनजवळच्या माझ्या दुकानात अशा गोष्टी इतक्या साठल्यात, की स्टॉक मोजायचा तर आधी त्या बाजूला साराव्या लागतील. त्यातली ही बोटीची. हो, बोटीचीच! समुद्र आमच्यापासून घाटाखाली, दिवसभराच्या एसटीवर. पण सत्तरच्या सुमारास तो पोत्यात बसून दुकानात आला.

*

माझा मित्र बबन, मूळचा मावळातला. कंपनीतली टर्नरची कायम नोकरी सोडून त्यानं भोसरीला पत्र्याची शेड टाकली. त्याच्या फोरमनचा त्याच्यावर जीव. तो म्हणाला, होळीपर्यंत तुझ्या मशिनवर कायमचा माणूस घेत नाही, नाही जमलं तर गुपचूप परत ये. बबनच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, त्याच दिवशी कॅलेंडरवर होळीभोवती गोल केला.

पहिलं मोठं काम आणलं धर्मा नाखव्यानं. कोकणात त्याची मासेमारीची बोट. जावई पिंपरीत नोकरीला, त्यानंच माझ्या दुकानाचा पत्ता दिलेला; बबनची गिऱ्हाइकं आधी माझ्याकडेच येत. नाखव्यानं पोतं उघडून बोटीचा, पाण्याखाली फिरणारा जुना ब्राँझचा पंखा काउंटरवर ठेवला. सगळा पांढऱ्या, टणक शिंपल्यांनी भरलेला. वासानं दोन गिऱ्हाइकं रंग न घेताच गेली. नाखवा म्हणाला, "असाच नवा पायजे. साइज हीच."

*

आता आमच्या पट्ट्यातला एक रिवाज सांगतो. सॅम्पल आलं की त्यात आपली अक्कल घालायची नाही. सॅम्पलला हात लावला म्हणून माल परत आलेली माणसं आम्ही पाहिली होती.

बबननं पंखा ओतकामाला दिला. तिथल्या मिस्त्रीनं तो जसाच्या तसा वाळूत दाबला, साचा घेतला आणि धातू ओतला. नवा पंखा आला तो शिंपल्यांसकट. एकेक शिंपला ब्राँझचा! मिस्त्री खूश होता. "एक बी सुटला न्हाई, शेट."

नाखव्यानं त्यावरून बराच वेळ हात फिरवला. मग शांतपणे म्हणाला, "आमच्या दर्याला याला सहा महिने लागतात. तुमी आठवड्यात केलात."

रागावला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं बसून समजावलं. हे शिंपले म्हणजेच रोग. पंख्यावर, तो फिरवणाऱ्या दांड्यावर चिकटतात, मग बोट थरथरते, वेग पडतो, डिझेल दुप्पट जातं. हे बसणार नाहीत असा पंखा केलात, तर गावातल्या बाकीच्या बोटीही तुमच्याच.

तो पंखा वितळव म्हणून मी बबनला सांगितलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. डोळ्यांसमोर असलेला बरा." आणि शेडमधल्या बाकाखाली सरकवला.

*

दुसरा पंखा गुळगुळीत झाला. टेस्टिंगशिवाय माल सोडायचा नाही, ही बबनची कंपनीतली सवय. त्यानं पंखा दोरीला बांधून महिनाभर पवनेत सोडला. बाहेर काढला तर लख्ख. आम्ही पेढे वाटले.

नाखव्यानं पेढा खाल्ला आणि विचारलं, "तुमच्या नदीला शिंपले हायत का हे?"

*

मग माझी हुशारी. बोटीच्या बुडाला लावतात तो तांब्याचा रंग मी मागवला. बबनकडच्या पेंटरनं पंखा, नाखव्यानं आणून दिलेला दांडा, नटबोल्ट, सगळ्याला दोन-दोन हात मारले. दांड्यावर जस्ताची एक वडी असते, तीही सोडली नाही. बोटीला बसवल्यावर पंधरा दिवसांत पंख्यावरचा रंग फिरून फिरून उडाला. वडीवरचा मात्र पक्का बसला.

नाखव्यानं वडी काढून माझ्यासमोर ठेवली. खाऱ्या पाण्यानं दांडा न खाता हिला खावं, म्हणून ही लावायची. "झिजायला ठेवलेल्या माणसाला तुमी रेनकोट घातलात, शेट."

मी त्या दिवशी चहा दोनदा मागवला.

*

उपाय सापडला तो एका धनगर गिऱ्हाइकाच्या हातात. लोकर कातरून कातरून त्याचे हात इतके तुपकट, की नळाखाली धरले तरी पाणी घसरून जाई. म्हटलं, जिथं पाणी टिकत नाही तिथं शिंपला काय टिकेल, आणि चौकशी केली. लोकरीतली ती चरबी औषधांच्या दुकानात मिळते, मलमात घालतात. मी दोन डबे मागितले.

केमिस्ट दबक्या आवाजात म्हणाला, "शेठ, कुणाला आहे? आणि कुठं?"

"पंख्याला," मी म्हणालो. त्यानं आणखी काही विचारलं नाही, पण पुढचे कित्येक दिवस मला हात दुरूनच जोडले.

*

बबननं पंखा आरशासारखा बफ केला, चरबी गरम करून ब्रशनं लावली आणि स्वतः जाऊन बसवून आला. समुद्र त्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मोठ्या ओहोटीला बोट चिखलात उघडी पडते, तेव्हा दर वेळी पुसून पुन्हा चरबी लावायची, असं नाखव्याशी ठरलं. येताना कंपनीच्या बुटांतला एक चिखलात राहिला. सुमनवहिनी म्हणाल्या, "दुसरा टाकू नका. होळीनंतर लागला तर?"

*

होळी आली. कोळ्यांच्या बोटी होळीला घरी येतात, आता कळेल म्हणून आम्ही वाट पाहिली. नाखव्याचा पत्ता नाही. वहिनींनी कंपनीचा खाकी ड्रेस इस्त्री करून खुंटीला लावला.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, बबन ड्रेस घालून माझ्याकडे आला होता. फोरमनला भेटायला निघालेला, पण पाय उचलत नव्हता. तेवढ्यात नाखवा आला. हातात पोतं. बबननं आधी पोत्याकडे पाहिलं. पोतं रिकामं होतं.

"पंखा?" बबननं विचारलं.

"बोटीला हाय. साफ हाय. काढू कशाला?"

बबन रंगाच्या डब्यावर बसला. डबा उघडा होता, हे आम्हाला नंतर कळलं.

नाखव्याला हवा होता तो बाकाखालचा पंखा, ब्राँझच्या शिंपल्यांचा. बंदरावर खांबाला टांगतो म्हणाला. गावाला बघू दे म्हणाला. पोत्यात घालून एसटीनं घेऊन गेला.

महिन्याभरात माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. खाली सहा नाखव्यांची नावं, दोघांचे अंगठे. बबननं वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवलं:

"सहा पंखे पाठवणे. सॅम्पल पाठवत नाही."