पायाळूची मान

मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते म्हणतात. त्यामुळे लहानपणी रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत माझी चांगलीच चलती होती. बायका कंबर धरून यायच्या, चटईवर पालथ्या पडायच्या, मी फ्रॉक सावरत पाय लावायची आणि वर ऐटीत चिवडा खायची.

आता माझीच मान गेली. नवा रायपूरला ऑफिसच्या बसमधून जाता-येता डोकं मोबाइलमध्ये, घरी जेवतानाही तेच. काय बघते विचाराल तर सांगता येणार नाही. आधी मान अवघडली, मग खांद्यातून कळा उतरू लागल्या, आणि शेवटी उजव्या हाताचा अंगठा अन् शेजारचं बोट बधिर झालं. एकदा तापल्या कढईचा कान धरला, ते फोड आल्यावर कळलं.

डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून बोटांना टाचणी टोचली. "कौन सी उँगली?" मला टोचलेलं कळलंच नव्हतं. त्यांना वाटलं, विचार करतेय. सतत वाकून मानेतली नस दाबली गेलीय, म्हणाले. मोबाइल डोळ्यांसमोर धरा, व्यायाम करा, नाहीतर बोटांतली जाणीव परत येईलच असं नाही. शेजारी बसलेल्या आईचा चेहरा उतरला. माझ्या आत काही हललं नाही. परतताना ऑटोत मी पुन्हा मोबाइल काढला, तोही मांडीवरच.

घरी आल्यावर आई म्हणाली, "मले तं वाटते, पायाळूच पाह्यजे."

"आता कुठून आणू? आजकाल पोट्टं उलटं दिसलं का ऑपरेशनच करून टाकतात."

"मंग मीच लावते."

"तू कुठं पायाळू?"

"तू निघाली ते कोणाच्या पोटातून? पड पालथी."

गुडघ्यांनी बेजार झालेली माझी आई पलंगाचा दांडा धरून उभी राहिली आणि तिनं माझ्या पाठीवर पाय ठेवला. हलकाच. भेगाळलेली टाच पाठीला चांगली खरखरीत लागली. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

मग तिनं मला उठवून बसवलं आणि माझा उजवा हात मांडीवर घेतला. दवाखान्यातलं सगळं तिनं नीट पाहून ठेवलं होतं.

"डोये मिट. आता सांग, कोणतं धरलं?"

मी डोळे पुरते मिटलेच नाहीत.

"अंगठा."

"अन् हे?"

"त्याच्या बाजूचं."

"पाह्य, आलं का नाही!" ती लगबगीनं देवापुढे साखर ठेवायला गेली.

कोणतं बोट ते मी बघून सांगितलं होतं. ती ते दाबत होती की कुरवाळत होती, हे मात्र नुसतं बघून कळलं नाही.