आप्पांचा खांब

देवावर आमच्या शेजारच्या आप्पांइतका विश्वास असलेला माणूस दौंडात दुसरा नाही, आणि देवावर काही सोपवायला त्यांच्याइतका कचरणारा माणूस पार शिरूरपर्यंत शोधला तरी मिळणार नाही. सकाळी देवापुढे हात जोडून "सगळं तुझ्या हवाली" म्हणतात आणि बाहेर पडताना कुलूप ओढून बघतात. चार पावलं जाऊन परत येतात, पुन्हा ओढतात, मग मला हाक मारतात, "भाऊसाहेब, तुम्ही बी एकदा वढून बघा." देवळात जाताना एक चप्पल दारापाशी आणि दुसरी लांब पिंपळाखाली काढतात, चोराला जोड मिळू नये म्हणून. दर्शन घेऊन आल्यावर ती दुसरी कुठे ठेवली ते त्यांनाच आठवत नाही, हा भाग वेगळा. माझ्या गाडीत पुढे बसले की दारावरचं हँडल घट्ट धरतात आणि समोर म्हैस दिसली की पायाने नसलेला ब्रेक दाबतात. उभी नोकरी रेल्वेच्या डब्यांचे ब्रेक तपासण्यात गेलेली. "यांचा सोताचाच ब्रेक जाम झालाय," असं त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या आक्का, मागच्या सीटवर अडकित्त्याने सुपारी कातरत म्हणायच्या.

अशा या माणसाची इच्छा एकच, मरायच्या आधी भैरवनाथाने एकदा तरी आपल्या अंगात यावं. त्यांचं मूळ गाव न्हावऱ्याच्या पुढे. तिथे चैत्रातल्या जत्रेत दिवेलागणीला हलगी सुरू झाली की निम्म्या गावाच्या अंगात वारं येतं. आप्पांची तयारी सकाळपासून. निर्जळी उपास, कोरं धोतर. हलगीवर थाप पडली की चष्मा, घड्याळ, मोबाइल, किल्ल्या आणि शेवटी तोंडातली कवळी असा सगळा ऐवज रुमालात बांधून माझ्या हाती द्यायचे. मग डोळे मिटायचे आणि एका हाताने सभामंडपाचा खांब गच्च धरायचे. "पडलो तर कंबर जाईल," म्हणायचे. देव आला तर येऊ दे, पण कंबर शाबूत राहिली पाहिजे.

वारं यायचं ते आक्कांच्या अंगात. आक्का फारशा देवभोळ्या नव्हत्या. देवळात त्या माहेरवाशिणींशी गप्पा मारायला यायच्या. पण हलगी चढली की बोलता बोलता त्यांची मान एकदम छातीवर पडायची. तो क्षण मला कधीच सोसला नाही. त्याच्या जरा आधी देवळाभोवतीची कुत्री उठून मुकाट्याने निघून जायची. गाभाऱ्यात वाऱ्याची झुळूक नसताना समईची ज्योत आडवी व्हायची. मग आक्कांच्या तोंडून एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज यायचा, संथ, कसलीच घाई नसलेला, आणि गर्दीतल्या एखाद्याला फक्त त्याच्या मेलेल्या आईला ठाऊक असलेल्या नावाने हाक मारायचा. मी विज्ञानाचा पदवीधर, पण मानेवरचे केस काही पदवी बघून उभे राहत नाहीत. एका वर्षी आप्पांनी खांब न सोडताच विचारलं, "देवा, माझ्याकडं कवा?" तो आवाज हसला. "दार लोटून बघितलं," म्हणाला, "आतनं कडी हाय." थोड्या वेळाने आक्का भानावर आल्या, पदर सावरत म्हणाल्या, "चहा झाला का?" त्यांना कधीच काही आठवत नसे. परतीच्या वाटेवर आप्पांनी हँडल आणखीच घट्ट धरलं. मग हळूच म्हणाले, "माझा इश्वास खोटा हाय का हो, भाऊसाहेब?" मी उगाच गिअर बदलला. मागे अडकित्ता थांबला होता.

गेल्या दिवाळीनंतर आक्का गेल्या. दवाखान्यात आप्पा त्यांचा हात धरून बसले होते. सगळं संपल्यावर नर्सबाईंना त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. आता जत्रा बंद, असं मी धरून चाललो होतो. पण चैत्र लागला आणि आप्पा कोरं धोतर नेसून माझ्या दारात. "निघायचं न्हवं?"

देवळात सगळं नेहमीसारखंच झालं. रुमाल माझ्या हातात, आप्पांचा हात खांबावर. कुणाकुणाच्या अंगात आलं, गेलं. हलगी थांबली, लोक प्रसादाकडे वळले. मी रुमाल परत द्यायला पुढे झालो, आणि बाहेरची कुत्री उठली.

समई आडवी झाली. आप्पांची मान छातीवर पडली. कवळी नसलेल्या त्या बोळक्यातून अगदी स्वच्छ बायकी आवाज आला, "अहो, सोडा आता. मी हाय ना."

भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकलेला आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. खांबावरची बोटं एकेक करून सुटली, कुणीतरी सोडवावीत तशी. आप्पा पडले. त्यांचा सगळा ऐवज माझ्या हातात, मी सावरणार कसा? पण ते आपटले नाहीत. कुणीतरी अलगद निजवावं तसे फरशीवर टेकले.

डोळे उघडून पहिलं काय म्हणाले असतील? "चहा झाला का?" मग माझ्या तोंडाकडे बघून, "औंदा बी न्हाई ना आलं?"

आवाज कुणाचा तेवढं सोडून मी सगळं सांगितलं. "सारा जलम वाट बघितली, आन् आलं तवा मीच जाग्यावर न्हवतो?" म्हणाले. मग एकदम, "आवाज कुणाचा व्हता?"

भैरवनाथाचा, असं सांगून टाकावं, असं फार वाटलं. म्हाताऱ्याच्या जन्माचं सार्थक झालं असतं. पण माझ्याने खोटं बोलवेना. "आक्कांचा," मी म्हणालो.

आप्पांनी कवळी बसवली, चष्मा धोतराने पुसून घातला. "मग बराबर हाय," म्हणाले. "त्याला माझ्या दाराची कडी निघत न्हवती. तिनं काढून आत घेतला."

परतताना त्यांनी हँडल धरलं नाही. भीमेचा पूल यायच्या आत झोपलेसुद्धा, दोन्ही हात मांडीवर उघडे टाकून, लहान मुलासारखे. मला आक्कांची फार आठवण येत होती. तेवढ्यात मागच्या रिकाम्या सीटवरून अडकित्त्याचा आवाज आला, कट्, कट्, नेहमीच्याच सवडीने.

मी आरशात बघितलं नाही. दौंड येईपर्यंत स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून बसलो.